गाळलेल्या जागा

एप्रिलचा पहिला आठवडा. वसईत बाईंच्या वाडीत विहिरीच्या कठड्यापाशी तीन खुर्च्या, मध्ये स्टुलावर कोकम सरबताचे पेले आणि बशीत सुकेळी. बाई म्हणजे आमच्या मराठीच्या बाई. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, तरी समोरच्याच्या वाक्यात कर्ता हरवला की त्यांची भुवई अजूनही वर जाते. दुसऱ्या खुर्चीत माझा वर्गमित्र. त्याची सगळी हयात सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणून गेली. बाई रोज संध्याकाळी जपमाळ हातात घेतल्याशिवाय दिवा लावत नाहीत. हा कुणाच्या लग्नाला चर्चमध्ये आलाच तर शेवटच्या बाकावर, तेही दाराच्या बाजूला बसतो.

नाताळात बाईंनी त्याला एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. इमाक्युले इलिबागिझा या रवांडातल्या स्त्रीचं 'लेफ्ट टू टेल', २००६ साली प्रसिद्ध झालेलं. ते परत करायला तो आला होता. पानापानांवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, खटल्याचे कागद वाचावेत तशा. मी मध्ये फारसा पडलो नाही. जे कानावर आलं ते लिहितो आहे.

बाई : पूर्ण वाचलंस का? की सोयीची पानं तेवढी?

वकील : दोनदा वाचलं, बाई. आणि आधीच सांगतो, त्या मुलीच्या धैर्याबद्दल माझी काही हरकत नाही.

बाई : हरकत! तू कोर्टात नाहीस. बरं, आधी हकिगत सांग. आपण दोघांनी एकच पुस्तक वाचलंय का, ते तरी कळू दे.

वकील : घटना १९९४ ची. स्थळ रवांडाचा पश्चिम भाग, किवू सरोवराच्या काठचा किबुये प्रांत, मटाबा नावाचं गाव. मुलगी तुत्सी, घर कॅथलिक, आईवडील दोघंही शिक्षक. ही बुटारेच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होती आणि ईस्टरच्या सुट्टीत घरी आली होती. ६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमानांचं विमान किगालीत पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून हुतू जहालांनी तुत्सींची कत्तल सुरू केली. साधारण शंभर दिवस. मृतांचा आकडा आठ लाखांच्या घरात धरतात, रवांडाचं सरकार दहा लाखांच्या वर सांगतं. रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जात होतं. आणि संयुक्त राष्ट्रांनी काय केलं? २१ एप्रिलला ठराव केला की तिथली आपली फौज २७० माणसांवर आणायची.

बाई : मुलीचं सांग.

वकील : वडिलांनी तिला शेजारच्या एका हुतू पाद्र्याकडे पाठवलं. तो प्रोटेस्टंट. त्यानं तिला आणि आणखी सात जणींना आपल्या खोलीतल्या न्हाणीघरात लपवलं. चार फूट बाय तीन फूट. ९१ दिवस. एकमेकींच्या अंगावर बसायचं, बोलायचं नाही, खोकायचं नाही. घरातल्या दुसऱ्या संडासाची साखळी ओढली जाईल तेव्हाच यांनी आपली ओढायची, म्हणजे आवाज वेगळा ऐकू येणार नाही. दारापुढे कपाट सरकवून ठेवायची कल्पना तिचीच. मारेकरी घर धुंडाळून गेले, एकदा नाही, अनेकदा. बाहेर पडली तेव्हा तिचं वजन तीस किलोच्याही खाली गेलं होतं. आई, वडील, दोन भाऊ मारले गेले. तिसरा भाऊ सेनेगलमध्ये शिकत होता म्हणून वाचला. पुढे ती तुरुंगात गेली आणि आपल्या आईच्या आणि भावाच्या मारेकऱ्याला म्हणाली, मी तुला क्षमा केली. इथे हकिगत संपते.

बाई : चांगली सांगितलीस. पण एक जागा गाळलीस.

वकील : कोणती?

बाई : वडिलांनी निघताना तिच्या हातात जपमाळ दिली होती. न्हाणीघरात ती दिवसभर माळ ओढायची. प्रत्येक दशकाच्या आधी प्रभूची प्रार्थना येते, आणि त्या प्रार्थनेत आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आहे. ती ओळ आली की ही अडखळायची. भिंतीपलीकडे कोयते घेतलेली माणसं तिला नावानं हाका मारतायत आणि तोंडानं म्हणायचं की मी त्यांना क्षमा करते. तिला ते देवाशी खोटं बोलणं वाटलं. मग ती काय करायची? ती ओळ गाळून पुढे जायची. माझ्या दृष्टीनं सगळं पुस्तक त्या गाळलेल्या ओळीत आहे. तुझ्या पेन्सिलीची खूण तिथे नाही, मी पाहिलं आत्ता.

वकील : कारण माझ्या खुणा दुसरीकडे आहेत. बाई, तुम्हांला राग येणार असेल तर आधी सांगा.

बाई : सातवीपासून ओळखते तुला. बोल.

वकील : पहिली खूण पाद्र्यावर. त्याच रात्री तिच्यासोबत तिचा धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र आले होते. पाद्री म्हणाला, पुरुषांना ठेवून घेणार नाही. काळोखात दार उघडून आपल्या भावाला बाहेर पाठवण्याचं काम तिला करावं लागलं. ती मुलं किबुयेच्या स्टेडियममध्ये आसऱ्याला गेली. तिथे हजारो लोक जमले होते, आणि तिथेच त्यांना मारलं. आता मला सांगा, तिच्या प्रार्थनेमुळे कपाटामागचं दार कुणाला दिसलं नाही असं ती मानते. मग भावाची प्रार्थना कुठे गेली? तिच्या आईच्या गळ्यात जपमाळ नव्हती? वाचलेला माणूस देवाची साक्ष देतो. मेलेल्यांची साक्ष कोण नोंदवणार?

बाई : याला माझ्याकडे उत्तर नाही.

वकील : नाही?

बाई : नाही. असतं तर मी ते तुला सांगितलं नसतं, कारण ज्याच्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पुढची खूण?

वकील : पुढची त्याहून वाईट. नरसंहार झाला तो देश आफ्रिकेतल्या सर्वांत ख्रिस्ती देशांपैकी एक. लोक चर्चमध्ये पळाले कारण पूर्वीच्या दंगलींत तिथे अभय मिळालं होतं. न्यांगे नावाचं गाव तेव्हा याच किबुये प्रांतात होतं. तिथल्या चर्चमध्ये किमान दीड हजार लोक कोंडलेले असताना ते बुलडोझरनं पाडलं गेलं, आणि त्यात तिथलाच धर्मगुरू, अथानास सेरोम्बा, दोषी ठरला. आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्याला पंधरा वर्षं दिली, अपिलात २००८ मध्ये जन्मठेप झाली. याच प्रांतात मुगोनेरोला ॲडव्हेंटिस्ट पंथाचा वयोवृद्ध पाद्री एलिझाफान न्ताकिरुतिमाना. त्याच्याच लोकांनी त्याला पत्र लिहिलं की उद्या आम्हांला मारणार आहेत, काही करा. २००३ मध्ये त्यालाही शिक्षा झाली. बाई, ज्या घराला आग लागली त्याच घरात ही मुलगी पाणी शोधते आहे. मला हे कळत नाही.

बाई : मला कळतं, पण ते कळणं सुखाचं नाही. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांसमोर चर्चच्या आणि चर्चमधल्या लोकांच्या पापांसाठी क्षमा मागितली. तेवीस वर्षांनी. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि त्या संध्याकाळी माळ हातात घेतली नाही. लाज वाटली. पण तू म्हणतोस त्यात एक गफलत आहे. ती मुलगी पाणी शोधायला चर्चमध्ये गेली नव्हती. चर्च तिच्यापाशी पोचलंच नाही. तिच्याजवळ होते ते जपमाळेचे मणी, सात बायकांचे श्वास आणि भिंतीपलीकडचा रेडिओ. तिची श्रद्धा तिथे नव्यानं झाली. ती संस्थेकडून आलेली नाही.

वकील : भीतीतून आलेली असू शकते. इतक्या भीतीत मन काहीही उभं करतं.

बाई : करत असेल. पण भीतीनं उभं केलेलं मन काय सांगतं? पळ, मार, सूड घे. तिच्या मनातही तेच होतं, ती लपवत नाही. बॉम्ब हाती लागला असता तर सगळ्यांना मारलं असतं, अशा विचारांपर्यंत ती गेली होती. तिथून ती परत कशी फिरली, हे मला तुझ्या भीतीच्या सिद्धांतातून समजत नाही. बाहेर एका आईला मारून तिचं तान्हं रस्त्यावर टाकलेलं. त्याचं रडणं तिला न्हाणीघरात ऐकू येत होतं, आणि मग ते थांबलं. त्याच रात्री ती देवाला विचारते की यांना क्षमा कशी करू, आणि तिला उत्तर जाणवतं की तीही माझीच लेकरं आहेत. त्यानंतर ती ओळ तिला म्हणता येऊ लागली. तुला हे मनाचं काम वाटतं, मला आणखी कुणाचं तरी. त्यावर आपण भांडायला नको. ओळ भरली गेली एवढं खरं.

वकील : बरं, ते बाजूला ठेवू. माझी खरी अडचण देव नाहीच. माझी अडचण ती क्षमा आहे.

बाई : तेच म्हणते मी. देवाशी तुझं कधीच एवढं वैर नव्हतं.

वकील : तुरुंगातला प्रसंग आठवा. अधिकारी त्या मारेकऱ्याला ओढत तिच्यासमोर आणतो. एकेकाळचा सुखवस्तू व्यापारी, ज्याच्या मुलांबरोबर ही लहानपणी खेळली. आता फाटके कपडे, जखमा, मान खाली. ही त्याच्या हाताला हात लावते आणि क्षमा केली म्हणते. अधिकारी संतापतो. त्याला वाटलं होतं ही थुंकेल, ओरडेल, जाब विचारेल. बाई, वाचताना माझा हात त्या अधिकाऱ्याच्या बाजूनं वर गेला. ज्या माणसानं आईला मारलं त्याच्यासाठी आईच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार तिला दिला कुणी? आमच्या कायद्यात खून तडजोडपात्र गुन्हा नाही. मयताचा बाप कोर्टात येऊन म्हणाला की मी माफ केलं, तरी खटला थांबत नाही. कारण फिर्याद एकट्या बापाची नसते. राज्याची असते, सगळ्यांची असते.

बाई : पण तुमच्याकडे माफीचा साक्षीदार असतो ना?

वकील : असतो. ते वेगळं. गुन्ह्यातला एक साथीदार सगळं खरं सांगायला तयार होतो आणि त्याबदल्यात कोर्ट त्याची शिक्षा सोडतं. तो व्यवहार आहे.

बाई : अगदी बरोबर शब्द वापरलास. व्यवहार. आता मी बाई होते थोडा वेळ. माफी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. शेतसारा माफ, फी माफ, दंड माफ, कर्ज माफ. येणं असलेला माणूस येणं सोडून देतो. त्यासाठी त्याच्या हातात सत्ता लागते, म्हणूनच माफी राजा देतो, सरकार देतं, कोर्ट देतं. क्षमा हा शब्द दुसऱ्या घराण्यातला. क्षम् धातू, अर्थ सोसणं आणि समर्थ असणं. सक्षम, क्षमता हे त्याचेच भाऊ. पृथ्वीलासुद्धा क्षमा म्हणतात, कारण ती सगळं पोटात घेते. माफीत समोरच्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. क्षमेत माणूस आपलं ओझं स्वतःच पेलायला शिकतो. आणि गंमत ऐक. मी मुद्दाम शोधून काढलं. तिच्या किन्यारवांडा भाषेत कुबाबारा म्हणजे दुखणं, सोसणं. त्याच धातूपासून कुबाबारिरा, म्हणजे क्षमा करणं. हजारो मैलांवरची भाषा, आपली तिची ओळख ना देख, आणि दोन्हीकडे क्षमेच्या पोटात दुखणं आहे.

वकील : व्युत्पत्तीनं खटले चालत नाहीत, बाई.

बाई : चालूही नयेत. मी तेच म्हणते आहे. तिनं त्याला माफ केलं नाही. त्याची शिक्षा सोडा असं ती म्हणाली नाही, तुरुंगाच्या किल्ल्या तिच्या हातात नव्हत्याच. तिनं क्षमा केली. आपल्याकडचं उदाहरण घे. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, एक दहा वर्षांचा, एक सहा वर्षांचा, जीपमध्ये झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मी क्षमा केली असं जाहीर सांगितलं. खटला थांबला का?

वकील : नाही. खालच्या कोर्टानं मुख्य आरोपीला फाशी सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली.

बाई : आणि ग्लॅडिसबाई पुढेही काही वर्षं मयूरभंजात राहून कुष्ठरुग्णांचं काम बघत होत्या. कोर्टानं कोर्टाचं केलं, त्यांनी त्यांचं केलं. कुणी कुणाच्या आड आलं?

वकील : तिथे नाही आलं. पण रवांडात आलं. तिथे लाखाच्या वर कैदी तुरुंगात सडत होते, नेहमीच्या कोर्टांत खटले संपायला शतक लागलं असतं. म्हणून त्यांनी गावागावांत गचाचा न्यायसभा सुरू केल्या. गवतावर बसून चालणारं कोर्ट. गावानं निवडलेली माणसं न्यायाधीश. वकिलांना तिथे जागाच नाही, हे मी व्यक्तिगत घेत नाही. २०१२ मध्ये त्या बंद झाल्या तोवर बारा हजार न्यायसभांतून एकोणीस लाखांच्या वर प्रकरणं निकालात निघाली. आता त्यातली मेख बघा. गुन्हा कबूल करा, क्षमा मागा, शिक्षा कमी होईल. म्हणजे ज्यानं नवरा मारला तो समोर उभा राहून ठरलेली वाक्यं बोलणार, आणि सगळं गाव त्या विधवेकडे बघणार. उद्यापासून पाण्याला एकाच झऱ्यावर जायचंय दोघांना. ती काय म्हणेल? तिच्या 'हो'ला मी संमती म्हणत नाही. आमच्या भाषेत तो दबाव.

बाई : हे खरं आहे.

वकील : आणि त्या विधवेच्या हातात कुणीतरी हे पुस्तक देणार. बघ, इमाक्युलेनं केलं, तुला का जमत नाही? इथे माझी तिसरी खूण आहे. एकीची क्षमा दुसरीच्या पाठीवर काठी होते. आउश्वित्झमधून वाचलेली एव्हा कोर. तिच्यावर आणि तिच्या जुळ्या बहिणीवर नाझी डॉक्टर मेंगेलेनं प्रयोग केले. १९९५ मध्ये आउश्वित्झलाच जाऊन तिनं नाझींना क्षमा केल्याचं जाहीर केलं. मेंगेलेच्या तावडीतून वाचलेली इतर जुळी किती चिडली! त्यांना वाटलं, ही आमच्या वतीनं बोलते आहे.

बाई : पण तिनं स्वच्छ सांगितलं होतं की हे फक्त माझ्या नावानं. आणि २०१५ मध्ये जर्मनीत आउश्वित्झचा माजी नाझी कर्मचारी ग्रोनिंग याच्यावर खटला झाला तेव्हा तीच बाई साक्षीला उभी राहिली. क्षमाही केली आणि साक्षही दिली. तुझ्या दोन्ही आक्षेपांना एकीनंच उत्तर दिलं.

वकील : तिनं दिलं. तिच्या मागून टाळ्या वाजवणाऱ्यांनी नाही दिलं. बाई, माझ्या बाजूनं महाभारतातला साक्षीदार बोलावू? वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराशी भांडते.  ती म्हणते, प्रल्हादानं नातवाला, बळीला, काय सांगितलं होतं? सदा तेज चांगलं नाही आणि सदा क्षमाही चांगली नाही. नेहमी क्षमा करणाऱ्याला नोकरसुद्धा जुमानत नाहीत. त्यावर तो क्षमेचं माहात्म्य सांगतो. भर सभेत तिला ओढत आणलं होतं. तिला क्षमेचा उपदेश करणारा कोण? जो पणाला लावून हरला तो!

बाई : शाब्बास. दहावीला तुला एवढं आलं असतं तर! द्रौपदीच्या रागावर मी एक अक्षर बोलणार नाही. तिचा राग खरा, युधिष्ठिराचा उपदेश पोकळ. पण द्रौपदी तिथेच संपत नाही. अश्वत्थाम्यानं तिची पाच मुलं झोपेत मारली. महाभारतात ती त्याचा जीव मागते. भागवतात मात्र वेगळं आहे. अर्जुन त्याला दोरखंडानं बांधून तिच्यासमोर आणतो, भीम म्हणतो मारा. ती म्हणते, सोडा. का? माझ्यासारखी त्याची आई रडू नये म्हणून.

वकील : म्हणजे इथेही आईच.

बाई : ऐक पुढे. म्हणून तो सुटला का? अर्जुनानं त्याच्या कपाळावरचा मणी केसांसकट कापून घेतला आणि हाकलून दिलं. आपल्याकडे म्हणतात ना, तो अजून जखमेला तेल मागत फिरतो. भीमाचा न्याय झाला आणि द्रौपदीची क्षमाही झाली. एकाच माणसावर, एकाच दिवशी. आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं सोड म्हणून. वनातला उपदेश तिनं झिडकारला, आणि वेळ आली तेव्हा आपलं आपण ठरवलं. दोन्ही वेळा ती बरोबर होती, असं मला वाटतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. वकिलानं सुकेळ्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

वकील : एक सांगतो. तुमच्या बाजूनं जाईल, तरी सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक खुनाचा खटला होता. तरणा मुलगा गेला होता. आई प्रत्येक तारखेला यायची. सहा वर्षं. मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी. शेवटी जन्मठेप लागली. मी खुशीत फाइल बांधत होतो. ती जवळ आली आणि म्हणाली, "साहेब, आता कुठल्या तारखेला यायचं?" मी म्हटलं, आता यायचं नाही, संपलं सगळं. ती तशीच उभी. मग म्हणाली, "मग आता मी काय करू?" आरोपीचं काय करायचं, याचं उत्तर त्या इमारतीत होतं. कलम होतं, निकाल होता. तिच्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं. मी तिला शंभर रुपये दिले रिक्षाला. तिनं घेतले नाहीत.

बाई : मग?

वकील : मग काही नाही. गेली ती. तुमचं पुस्तक वाचताना ती दोनदा आठवली. तिनं क्षमा करायला हवी होती असं मी म्हणत नाही. कुणी तिला तसं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पण त्या संध्याकाळनंतर ती जगली कशी, हा प्रश्न माझ्या धंद्यात कुणी विचारतच नाही. इमाक्युले निदान तो विचारते.

बाई : ती तोच विचारते. मारेकऱ्याचं काय, हा तिचा प्रश्नच नाही. न्हाणीघरातून बाहेर पडले, आता मी काय करू? फ्रेंच सैनिकांच्या छावणीत तिला कळलं की सेनेगलमधला भाऊ सोडून घरचं कुणी उरलं नाही. तरी तिच्याकडे करायला काहीतरी होतं. न्हाणीघरात पाद्र्याकडून शब्दकोश मागून तिनं इंग्रजी शिकायला घेतलं होतं. बाहेर मारेकरी, आत आठ बायका, आणि ही क्रियापदं पाठ करते आहे. पुढे किगालीत त्याच इंग्रजीवर संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत नोकरी मिळाली. मराठीची बाई म्हणून सांगते, माझ्यासाठी चमत्कार कपाटाचा नाही, त्या शब्दकोशाचा आहे. आपण जगणार आहोत आणि कुणाशी तरी बोलणार आहोत, हे धरून चालणं म्हणजेच श्रद्धा. क्षमा त्याच्या मागून आली.

वकील : हे मला चालेल. शब्दकोश मी मान्य करतो.

बाई : उपकार झाले!

वकील : पण बाई, माझी एक जुनी फिर्याद आहे. आज काढतोच. सातवी ब. मधल्या सुट्टीत एकानं माझ्या हातात कर्कटक खुपसलं. हा बघा, डाग अजून आहे. तुम्ही दोघांना वर्गासमोर उभं केलंत. त्याला म्हणालात, चूक कबूल कर. तो पुटपुटला. मग मला म्हणालात, क्षमा कर, हात मिळव. हाताला पट्टी होती. त्याच हातानं मी हात मिळवला. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या बाकावर गेलो तो वर्षभर तिथेच बसलो. त्या दिवसापासून क्षमा म्हटलं की मला टाळ्या ऐकू येतात.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

बाई : मला आठवतच नाही.

वकील : मला माहीत आहे. तुमची दुसरी तासिका असेल.

बाई : थांब, सारवासारव करू नकोस माझ्यासाठी. मघा तू गचाचातली विधवा सांगितलीस तेव्हा मी लगेच 'हे खरं आहे' म्हणाले. किती सहज म्हणाले! रवांडातलं चुकलेलं मला इथून दिसलं, आणि सातवी ब मधलं दिसलं नाही. मला वर्ग शांत हवा होता. पुढचा धडा सुरू करायचा होता. तुझ्या हाताचं काय ते मी पाहिलंच नसणार. इमाक्युलेला देवानं ओळ गाळू दिली. रोज गाळू दिली, ती स्वतः भरेपर्यंत. मी तुला ती सवलत दिली नाही. गाळलेली जागा मीच भरून टाकली, आणि पैकीच्या पैकी गुणही दिले.

वकील : बाई, मी गमतीनं...

बाई : गमतीनं नाही काढलीस. बेचाळीस वर्षं कोण गमतीनं जपतं? त्या मुलाच्या वतीनं मला काही बोलता येणार नाही. वर्गाच्या वतीनंही नाही. माझ्या वतीनं विचारते. माझं चुकलं. क्षमा करशील?

वकील हसला नाही. हातातला सुकेळ्याचा तुकडा त्यानं परत बशीत ठेवला आणि पेन्सिलीच्या खुणा असलेलं पुस्तक उचलून पुन्हा आपल्या पिशवीत टाकलं.

वकील : विचार करतो. वेळ लागेल थोडा.

बाई : घे की. आणि मी बघते आहे म्हणून घाई करू नकोस. हवे तर एक्याण्णव दिवस घे.

वाडीपलीकडून संध्याकाळची घंटा ऐकू आली. बाई उठल्या. पेले आणि बशी गोळा करता करता त्या म्हणाल्या की सरबतात साखर कमी पडली. वकील म्हणाला, नाही, बेताचीच होती. त्यांनी एकमेकांना उत्तरं दिली ती एवढीच. मग बाई माळ आणायला आत गेल्या आणि आम्ही दोघं खुर्च्या उचलून ओटीवर ठेवू लागलो.